ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी: वाचकांचे प्रश्न

चेक इंजिन लाइट आणि ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरलाय ते ओळखणारा) या जोडीवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे, सेन्सर बदलला, पैसे गेले, लाइट परत आली. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय, ते नीट वाचा, पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

प्रश्न: माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. चेक इंजिन लाइट लागली म्हणून गॅरेजमध्ये स्कॅन केली, पी ०१७१ कोड आला, सिस्टिम टू लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मेकॅनिक म्हणाले ऑक्सिजन सेन्सर गेला. नवीन टाकला, लाइट गेली, आणि थोड्याच दिवसांत परत तीच लाइट, तोच कोड. आता ते म्हणतात नवा सेन्सरच डिफेक्टिव्ह निघाला असेल, दुसरा टाकू. टाकू का?

थांबा, अजिबात टाकू नका. पी ०१७१ हा कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही. तो म्हणतो की सेन्सरला एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त दिसतोय, म्हणून ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत वाढवत गेला आणि आता वाढवायची त्याची हद्द संपली. बहुतेक गाड्यांत ही हद्द वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे सेन्सरने तक्रार नोंदवली आणि आपण तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकलं. तक्रार खरी असेल तर नवा सेन्सरही तेच सांगणार, आणि तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय.

मग मधले दिवस लाइट का गेली? कारण सेन्सर बदलल्यावर कोड क्लिअर करतात, आणि कोड क्लिअर केला की बहुतेक गाड्यांत ईसीएमने शिकून ठेवलेलं फ्यूएल ट्रिमही, म्हणजे पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडायचं ती दुरुस्ती, शून्यावर येतं. परत शिकून हद्दीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, तेवढे दिवस सगळ्यांना वाटतं काम झालं. सेन्सर न बदलता नुसता कोड क्लिअर केला असता तरी तेवढेच दिवस लाइट गेली असती.

आता करायचं काय, तर स्कॅनर लावून लाइव्ह डेटामध्ये शॉर्ट टर्म (त्या क्षणाचं) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेलं) ट्रिम बघा, साधा ब्लूटूथवाला अडॅप्टर आणि मोबाइल असला तरी चालतं. इंजिन पूर्ण गरम पाहिजे. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, शून्याच्या अलीकडे पलीकडे दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, अधिक पंधरा-वीस असेल तर ईसीएम खरंच पेट्रोल ओततोय. हे आधी आयडलला (एक्सिलरेटर न दाबता) बघा आणि मग एक्सिलरेटर धरून २,५०० आरपीएमवर बघा. आयडलला ट्रिम खूप वर आणि २,५०० ला बरंच खाली आलं, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय, थ्रॉटलच्या पुढे कुठला तरी व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप तडकलाय, असं काहीतरी. आयडलला इंजिन थोडीच हवा ओढतं म्हणून ती चोरटी हवा त्यात मोठी ठरते, आरपीएम वाढला की तीच हवा नगण्य होते. उलट आयडलला बरं आणि आरपीएम, लोड वाढला की ट्रिम चढत गेलं, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर घाण झालाय असं धरून चाला, मग फ्यूएल प्रेशर, फिल्टर, पंप, इंजेक्टर. ज्या गाडीत एमएएफ नसून एमएपी (इनटेकमधलं प्रेशर मोजणारा) सेन्सर आहे तिथे व्हॅक्यूम लीक ट्रिममध्ये इतकी उठून दिसत नाही, कारण एमएपीला ती हवा प्रेशरमध्ये दिसतेच, तिथे आयडल वाढलेला दिसतो. हे लक्षात ठेवा नाहीतर उगाच गोंधळ होतो.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत जिथे सेन्सर चांगला असूनही फसतो. पहिली, सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असणं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला बारीक फट असेल तर एक्झॉस्टचे धक्के येतात त्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन म्हणून ओरडतो, तर मिश्रण मुळात बरोबर असतं. दुसरी, मिसिंग. एखाद्या सिलिंडरला स्पार्क मिळाला नाही तर पेट्रोलही जळत नाही आणि ऑक्सिजनही जळत नाही, आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, न जळलेलं पेट्रोल त्याला कळत नाही. म्हणजे सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतोय आणि स्कॅनर लीन म्हणतोय, असा उलटा प्रकार. मिसफायरचा कोड सोबत असेल तर आधी तो सोडवा, प्लग, कॉइल, मग बाकीचं.

खरा लीन आणि खोटा लीन वेगळा करायला मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते प्लग काढून बघणं. सेन्सर खोटं लीन सांगत असेल तर ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवतो, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात रिच, गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर, चालतं, प्लग काळे काजळी धरलेले निघतात, अ‍ॅव्हरेज पडतं. प्लग स्वच्छ फिक्या रंगाचे निघाले आणि ट्रिम अधिक वीस असेल, तर सेन्सर खरं बोलतोय, जास्तीची हवा शोधा. एक्झॉस्ट लीकसाठी सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडून ऐका, थंड असताना फट मोठी असते, टिक टिक किंवा फुसफुस येते, आणि जॉइंटला काळ्या काजळीचा पट्टा दिसतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट मिटते, मग दुपारी गॅरेजमध्ये कुणाला काही सापडत नाही.

प्रश्न: सेन्सर चांगला की वाईट हे घरी मल्टिमीटरने तपासता येतं का? मीटरवर ०.४५ व्होल्ट आला म्हणजे बरोबर ना, कारण तोच मधला आकडा असतो असं ऐकलंय.

येतं तपासता, पण तुमचा शेवटचा निष्कर्ष उलटा आहे. ०.४५ ला शांत बसलेला साधा सेन्सर हा चांगला नसतो, तो एकतर थंड आहे किंवा मेलेला आहे.

त्याचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. सेन्सरच्या टोकात झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते, आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर. आतल्या बाजूला बाहेरची ताजी हवा, बाहेरच्या बाजूला एक्झॉस्ट. साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की ही सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन पलीकडे जाऊ देते, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच असेल, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नाही, फरक मोठा, ०.८-०.९ व्होल्ट. लीन असेल तर फरक कमी, ०.१-०.२. पेट्रोलचं आदर्श प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, त्या ठिकाणी हे व्होल्टेज एकदम कड्यावरून पडल्यासारखं बदलतं, म्हणून ईसीएम तिथे थांबू शकत नाही, तो सतत जरा रिच जरा लीन करत राहतो आणि चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ असा सारखा खालीवर नाचतो. सेन्सर थंड असला की व्होल्टेज तयारच होत नाही, आणि काही गाड्यांत ईसीएम स्वतःच त्या वायरवर ०.४५ च्या आसपास सोडून ठेवतो, तुम्हाला मीटरवर दिसतो तो सेन्सरचा नाही, ईसीएमचा व्होल्टेज. बरोबर आहे म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

तपासायचं असं. इंजिन चांगलं गरम करा, २,००० ते २,५०० आरपीएमवर दोनेक मिनिटं धरा. डिजिटल मीटर घ्या, जुना काट्याचा नको, तो सेन्सरवर लोड टाकतो. कपलर (वायरींचा जोड) काढायचा नाही, मागच्या बाजूने पातळ पिन सरकवून सिग्नल वायरवर लावायची. कुठली वायर सिग्नलची हे वायरिंग डायग्राममध्ये बघा, रंगावर जाऊ नका. सिग्नलच्या पिनांवर ओहम कधीच मोजू नका, मीटरच करंट सोडतं आणि सेन्सर बिघडू शकतो. आता आकडा नाचतोय का बघा, दहा सेकंदांत निदान सात-आठ वेळा तरी वरखाली व्हायला हवा. मीटर स्लो असतो त्यामुळे मधलेच आकडे दिसतात कधीकधी, म्हणून मी स्कॅनरवरचा ग्राफ पसंत करतो, आणि ऑसिलोस्कोप मिळाला तर प्रश्नच नाही.

नुसतं नाचणं पुरेसं नाही, त्याला चाचणी द्यावी लागते. एक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबा, ईसीएम त्या क्षणी जास्त पेट्रोल सोडतो, सेन्सर ०.८ च्या वर उडी मारायला हवा. मग ३,००० आरपीएमवरून एक्सिलरेटर एकदम सोडा, इंजेक्टर बंद होतात, एक्झॉस्टमध्ये नुसती हवा जाते, सेन्सर शून्याजवळ यायलाच हवा. या दोन्ही टोकांना जो पटकन पोचतो तो सेन्सर जिवंत आहे, मग कोड कुठलाही असो. ज्याला वर जाताच येत नाही, ०.५-०.६ ला दमतो, किंवा खाली येताना रेंगाळतो, तो म्हातारा झालाय. चांगला सेन्सर लीनवरून रिचवर साधारण ०.१ सेकंदात जातो. पी ०१३३, म्हणजे स्लो रिस्पॉन्स, हा कोड आला असेल आणि एक्झॉस्ट लीक नसेल, तर तिथे सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे, तिथे मी बदला म्हणेन.

अजून एक आडवी चाचणी. नळीतून थोडासा प्रोपेन इनटेकमध्ये सोडला की सेन्सर लगेच वर जायला हवा, व्हॅक्यूमचा पाइप काढला की खाली. प्रोपेनवाली गॅरेजमध्ये माहितगाराकडूनच करून घ्या, गरम इंजिनाजवळ गॅस घेऊन स्वतः प्रयोग करू नका.

प्रश्न: नव्या गाडीत पुढच्या, म्हणजे इंजिनाजवळच्या, सेन्सरचा आकडा हलतच नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो मेला?

नाही, तुमच्या गाडीत बहुतेक वाइडबँड सेन्सर आहे, त्याला एअर फ्यूएल रेशो सेन्सरही म्हणतात. त्याचे नियम वेगळे. तो रिच की लीन एवढंच न सांगता किती रिच किती लीन ते सांगतो, त्याच्या आत एक छोटा पंप सेल असतो, ऑक्सिजन आतबाहेर ढकलायला जेवढा करंट लागला त्यावरून ईसीएम हिशेब करतो. मिश्रण बरोबर असेल तर आकडा स्थिर असणंच बरोबर. स्कॅनरवर लॅम्डा (प्रत्यक्ष मिश्रण आदर्श प्रमाणाच्या किती पट ते) बघा, १ च्या आसपास दिसेल. त्याला मल्टिमीटर लावून ०.१ ते ०.९ शोधत बसू नका, आणि जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकने तो मेलाय म्हटलं तर त्यांना लॅम्डाचा आकडा विचारा. एक्सिलरेटर झटकन दाबल्यावर लॅम्डा १ च्या खाली, सोडल्यावर १ च्या बराच वर, ही चाचणी इथेही तशीच लागू.

प्रश्न: मागचा सेन्सर ०.७ व्होल्टला स्थिर आहे, हलत नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर चांगला आहे म्हणतात पण सेन्सर बदला म्हणतात.

कन्व्हर्टर चांगला आहे म्हणूनच तो स्थिर आहे! कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा भाग, ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे पुढच्या सेन्सरचा नाच मागे पोचेपर्यंत विरून जातो. मागचा पुढच्यासारखाच नाचायला लागला तर काळजी, तेव्हा पी ०४२०, कन्व्हर्टर कमजोर झाल्याचा कोड, येतो, आणि तिथेही लोक आधी मागचा सेन्सर बदलतात, पण नाच दाखवणारा सेन्सर जागाच असतो. पी ०४२० वर आधी एक्झॉस्ट लीक बघा, मिसिंग बघा, इंजिन ऑइल जाळतंय का बघा, कारण कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारलेलं असतं आणि ते न शोधता नवा टाकला तर तोही जाईल. मागचा सेन्सर तपासायचाच असेल तर वर सांगितलेलं एक्सिलरेटर दाबणं सोडणं करा, तो उशिरा का होईना हलला पाहिजे.

आणि हो, मागचा आणि पुढचा यात घोळ फार होतो. कोडमधला सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ म्हणजे नंतरचा. बँक १ म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर आहे ती बाजू, ड्रायव्हरची बाजू नव्हे. व्ही ६ गाडीत चुकीच्या बाजूचा सेन्सर बदलून झाल्याची दोन पत्रं आहेत माझ्याकडे.

प्रश्न: पी ०१३५ आला, हीटर सर्किट. हीटर गेला तर गाडी चालते का?

चालते, पण थंड असताना जास्त पेट्रोल खाते. १९७६ साली बॉशचा लॅम्डा सेन्सर (ऑक्सिजन सेन्सरचंच दुसरं नाव) पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत आला तेव्हा त्यात हीटर नव्हताच, एक्झॉस्टच्या उष्णतेने तापेपर्यंत थांबावं लागायचं, हीटरवाले १९८२ पासून आले. हीटर मेला की तुमचा सेन्सर तसाच जुन्या काळातला होतो, उशिरा जागा होतो आणि आयडलला उभं राहिलं की परत थंड पडू शकतो, तोवर ईसीएम त्याचं न ऐकता अंदाजाने पेट्रोल सोडतो.

इथे तपासणी अगदी सरळ आहे. आधी फ्यूज, खरंच आधी फ्यूज. मग कपलर काढून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन वायरी, बहुतेकदा एकाच रंगाच्या असतात, त्यांच्यात थंड असताना ओहम मोजा. काही ओहमपासून दहा-पंधरापर्यंत काहीही असू शकतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो, मीटरने ओपन दाखवलं तर हीटर तुटला, सेन्सर बदला. ओहम ठीक असतील तर गाडीच्या बाजूच्या कपलरवर इंजिन चालू असताना बारा व्होल्टच्या वर सप्लाय येतोय का बघा. ग्राउंड बऱ्याच गाड्यांत ईसीएम चालू बंद करून देतो. वायर एक्झॉस्टला चिकटून वितळलेली असणं हे फार वेळा सापडतं.

प्रश्न: गॅस कीट बसवलंय. गॅसवर लाइट येते, पेट्रोलवर येत नाही. सेन्सर कमजोर झाला असेल का?

दोन्ही इंधनांना सेन्सर एकच आहे, तो पेट्रोलवर बरोबर आणि गॅसवर खराब असा होत नाही. पेट्रोलवर ट्रिम लिहून घ्या, गॅसवर लिहून घ्या. फक्त गॅसवर बिघडत असेल तर कीटचं ट्यूनिंग, रेग्युलेटर, गॅस फिल्टर, गॅसचे इंजेक्टर. दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं असेल तर हवेची गळती किंवा एक्झॉस्ट. इतका सोपा फरक करून देणारी सोय बाकीच्यांकडे नसते, तिचा वापर करा.

प्रश्न: सेन्सर काढून पेट्रोलने धुतला, वायर ब्रशने घासला. परत लावू का?

घासायला नको होता. टोकावरच्या धातूच्या टोपीला बारीक भोकं असतात आणि आत प्लॅटिनमचा थर, दोन्हीची वाट लागते. पण काढलाच आहे तर टोकाचा रंग काय होता ते आठवा, ती माहिती मोलाची आहे. काळी कोरडी काजळी असेल तर इंजिन रिच चाललंय, सेन्सरचा दोष नाही, मिश्रण सुधारलं की काजळी बहुतेक आपोआप जळून जाते. पांढरट थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट. चुकीचा सिलिकॉन सीलंट इंजिनला लावला की त्याची वाफ इनटेकमधून सेन्सरवर येऊन काचेसारखी बसते, आणि हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तरी तेच. असा सेन्सर सुधारत नाही, बदलायचाच, पण आधी कूलंटची पातळी कमी होतेय का ते बघून. नाहीतर नव्याचीही तीच गत.

नवा बसवताना काही गोष्टी. जुना काढताना आटे गंजलेले असतात, इंजिन किंचित कोमट असताना, रस्ट स्प्रे मारून, सेन्सरच्या खाच असलेल्या सॉकेटने काढा, जबरदस्ती केलीत तर आटे मॅनिफोल्डसकट जातात. नव्याच्या आट्यांना बहुधा अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून येतं, वरून अजून थापू नका, आणि टोकाला तर काहीच लागता कामा नये. हातातून फरशीवर पडला तर आतली सिरॅमिक तडकते, बाहेरून काही दिसत नाही. कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर मारू नका, बऱ्याच सेन्सरना तुलनेची ताजी हवा वायरींच्या आतून मिळते, ती वाट बुजली की सेन्सर नवा असून चुकीचं सांगतो. वाइडबँड असेल तर जुना कपलर कापून नव्याला जोडायचा जुगाड अजिबात करू नका, काहींच्या कपलरमध्ये त्या एका सेन्सरपुरता मोजून बसवलेला रेझिस्टर असतो.

प्रश्न: सेन्सरचा कपलर काढून ठेवला तर गाडी छान पळते. असंच चालवू का?

चालवू नका, पण तुम्ही नकळत एक चांगली चाचणी केलीत. कपलर काढला की ईसीएम ठरावीक नकाशाप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि त्यात गाडी सुधारली याचा अर्थ सेन्सरकडून येणारी माहिती चुकीची होती. आता ती चुकीची माहिती सेन्सर देतोय, की एक्झॉस्ट लीकमुळे येतेय, की वायरमध्ये शॉर्ट आहे, एवढंच शोधायचं राहिलं. कपलर लावा, पहिल्या उत्तरात सांगितलेली काजळीची खूण सकाळी थंड इंजिनावर शोधा, वायर हलवून ग्राफ उडतोय का बघा, मग दुसऱ्या उत्तरातली दाबायची सोडायची चाचणी करा. एक्झॉस्ट आणि वायर ठीक निघाली आणि सेन्सर तरीही टोकांना पोचला नाही, तर खुशाल नवा आणा. तसंच काढून ठेवून चालवत राहिलात तर मिश्रणावर कुणाची नजर राहत नाही, रिच एक्झॉस्टने कन्व्हर्टर तापून त्याची जाळी वितळू शकते, आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो.